निद्रामहालाच्या मालकीची हकीकत

॥ श्रीविघ्नहर प्रसन्न ॥ श्रीसर्व्हर कधीं प्रसन्न, कधीं अप्रसन्न. त्याचे मर्जीवांचून कोणाचेंच कांहीं चालत नाहीं, सबब त्यासही नमस्कार. शालिवाहन शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, नांव यथार्थ, ते सालीं जें वर्तमान घडलें तें थोरांचे ध्यानांत यावें आणि धाकट्यांनीं त्यापासोन सावध असावें म्हणोन लिहिलें असे.

पश्चिमेस समुद्रापलीकडे एक थोर दौलत. तिचा उद्योग चिपा घडविण्याचा. चिप म्हणजे नखाएवढा वाळूचा तुकडा, परंतु त्याजवांचून जगांत एक फोन वाजत नाहीं. दौलतीची हुजूरगादी तिकडे, आणि इकडे डोंगराचे पायथ्यासी, पूर्वीं जेथें उसाचे मळे होते तेथें, काचेचा किल्ला बांधोन हुजुरांनीं एक ठाणें घातलें होतें. ठाण्यांत इंजिनेर मंडळी एकाहून एक नामांकित, परंतु घडवावें हुजुरांत आणि तपासावें ठाण्यानें, ऐसी वहिवाट होती. तपासतां दोष सांपडला तरी त्यास दोष म्हणण्याचा अधिकार घडविणाराचा. तो जोंवर म्हणत नाहीं तोंवर त्यास 'निरीक्षण' म्हणावें. ऐसीं निरीक्षणें ठाण्यांत उदंड पडलीं होतीं. चिपेचे पोटांत अनेक महाल असतात. त्यांतील एखादा तरी महाल आमचे मालकीचा असावा, ऐसी ठाण्याची अर्जी फार दिवसांची होती. त्यास हुजूर दरसाल गोड हंसत आणि टी-शर्ट पाठवीत.

चिपेचे महालांपैकीं निद्रामहालाचे तपासणीवर शर्वरीबाई बोराटे यांची नेमणूक होती. बाई कऱ्हाडकडील, बुद्धीनें तीक्ष्ण, बोलणें मोजकें, आणि सर्व ठीक आहे ऐसें कोणी म्हणाला कीं हटकून पुन्हां पाहावयाची खोड. फोन उगा पडला असतां विजेची बचत व्हावी म्हणोन चिपेनें निजावें आणि काम पडतांच उठावें, हा त्या महालाचा धर्म. उठविणारे दोघे: एक आंतलें घड्याळ आणि दुसरें माणसाचें बोट. ज्येष्ठ मासीं, चिप अद्याप छापावयाची होती तेव्हां, संगणकांतील तिचे प्रतिरूपावर बाईंनीं दोघांसही एकाच क्षणीं दारावर उभें केलें, तों काय पाहतात, घड्याळ समजे दार बोट उघडील, बोट समजे घड्याळ उघडील, आणि दार कोणीच उघडीना! चिप निजली ती निजलीच. बाईंनीं पुन्हां पाहिलें, आणि मग आणखी एकवार पाहिलें, आणि मग शेजारीं फैयाज मुजावर म्हणोन इंजिनेर बसत, मिरजेचे राहणारे, जिभेचे मोकळे, त्यांस बोलावोन दाखविलें. फैयाजमियां खुर्ची ओढून म्हणाले, "अहो बाई, हें तर आपल्या मीटिंगीसारखंच झालं कीं! ज्याला त्याला वाटतंय दुसरा बोलेल."

मंगळवारीं दिवेलागणीस पडद्यावर हुजुरांशीं दरबार भरत असे; तिकडे तेव्हां पहांट. गादीचे दिवाण ग्रेगसाहेब समोर बसत. निद्रामहाल त्यांनीं स्वहस्तें घडविलेला. ते कामाची स्थिति पुसत, "रंग कोणता?" आणि ठाण्याचे किल्लेदार उदयराव साबणे यांनीं म्हणावें, "हिरवा," म्हणजे सर्व ठीक. पिवळा म्हटल्यास चार जादा दरबार भरत आणि लाल म्हटल्याचें कोणाचे स्मरणांत नव्हतें. त्या दिवशीं किल्लेदारांनीं हिरवा म्हटलें आणि शर्वरीबाईंनीं मध्येंच खाकरोन महालाचा सर्व प्रकार सांगितला, आणि दोघे एकदम आले तर दार घड्याळानेंच उघडावें इतकी एक ओळ घातली असतां काम भागतें, हेंही सांगितलें. ग्रेगसाहेब बहुत संतुष्ट होवोन म्हणाले, "शर्वरी, फार सुंदर निरीक्षण! पण घड्याळ आणि बोट नेमके एकाच क्षणीं येतील, ऐसें खऱ्या जगांत घडत नाहीं." तेव्हां फैयाजमियांस राहवेना. ते म्हणाले, "साहेब, सकाळीं गजर वाजला कीं माणूस पहिलं काय करतो? बोट लावतो. तो बंद करायलाच लावतो!" साहेब म्हणाले, "आमचेकडे लोक गजराआधीं उठतात." मग साहेबांनीं निवाडा केला कीं जी परीक्षा न घडणारी गोष्ट विचारते, दोष त्या परीक्षेचा. तिला माफी द्यावी. माफी दिलेली परीक्षा हिशेबांतून वगळावी, ऐसा दौलतीचा कायदा होता. परीक्षा वगळली आणि तपासणीचे फलकावर शंभर टक्के उजळले, आणि किल्लेदारांनीं कॅन्टीनांतून सर्वांस जिलेबी वांटिली. चोर पाहोन ओरडणारा पहारेकरी काढून टाकावा आणि किल्ल्यांत चोरी होत नाहीं म्हणोन नगारा वाजवावा, तद्वत् जाहलें. शर्वरीबाईंची जिलेबी ताटलींत तशीच राहिली.

आतां चिप टांकसाळींत जावयाची. टांकसाळ पूर्वसमुद्रांतील एका बेटावर, आणि तेथें एकदां छापली कीं चिपेवरील रेघ ब्रह्मदेवासही पुसतां येत नाहीं. सबब छापण्यापूर्वीं ज्यानें त्यानें आपले तपासणीस मान्यता द्यावी लागे. सर्वांनीं दिल्या. बाईंनीं दिली नाहीं. किल्लेदार त्यांचे मेजाशीं येवोन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "बाई, एक बटण तर दाबायचं आहे." बाई म्हणाल्या, "तेंच दाबवत नाहीं." "अहो, महाल त्यांचा, निवाडा त्यांचा, तुमचं काय जातंय?" "खालीं नांव माझं जातंय, सर." ऐसें बोलोन बाईंनीं 'नामंजूर' हें बटण दाबिलें, जें त्या ठाण्यांत पूर्वीं कोणीं दाबिलें नव्हतें. तों पडद्यावर प्रश्न उमटला कीं कारण निवडा, आणि खालीं निवडावयास दोनच कारणें: 'चुकून दाबलें' आणि 'नंतर मान्यता देईन'. बाईंनीं दोन्हीं वाचलीं आणि पडदा तसाच उघडा टाकोन पाणी प्यावयास गेल्या. किल्लेदार मनांत बहुत कष्टी जाहले. माणूस वाईट नव्हता. तीन साहेब आले गेले, सर्वांस हिरवा सांगतां सांगतां त्याची जीभच तशी वळली होती. मग त्यांनीं मसलत केली, आणि बाईंस आज्ञा आली कीं उदईक एक दिवसाचें नेतृत्वशिबिर आहे, आपली निवड जाहली आहे, अभिनंदन. शिबिराचा विषय, 'वरिष्ठांसमोर निर्भीडपणें मत कसें मांडावें.' बाई दिवसभर एका हॉटेलांत गोल बसोन चेंडू झेलीत आणि निर्भीडपणें मत मांडीत राहिल्या. आणि जो शिबिरास किंवा रजेवर गेला त्याचे मान्यतेचा अधिकार वरिष्ठाकडे जातो, ऐसा कायदा असल्यानें, इकडे किल्लेदारांनीं बटण दाबोन चिप टांकसाळीस रवाना केली. परत येतां बाईंस फैयाजमियांनीं वर्तमान सांगितलें. बाई इतकेंच म्हणाल्या, "शिबिर चांगलं होतं हो."

कार्तिक मासीं चिपा छापोन आल्या. जी दौलत त्या घेवोन फोन बनविणार, तिचे वजीर हुजुरांत आले, आणि थोरला दरबार भरला, आणि ठाण्यासही पडद्यावरोन पाहावयाची परवानगी जाहली. ग्रेगसाहेबांनीं फोन मेजावर ठेविला आणि म्हणाले, पाहा कैसी निजते, कैसी उठते. फोन निजला. गजर लाविलेला होता तो वाजूं लागणार त्याच क्षणीं वजिरांनीं सहज हात पुढें केला आणि बोट लाविलें. गजर वाजला नाहीं आणि फोनही उठला नाहीं. साहेबांनीं बोट लाविलें, दाबिलें, हालविलें, शेवटीं मेजावर आपटिलें. कुंभकर्णही ढोलताशांनीं उठे. ही चिप त्याहून थोर. ठाण्यांत कोणी हंसला नाहीं. शर्वरीबाईंनीं डोळे मिटले, कारण बरोबर ठरल्याचा आनंद होईल ऐसें त्यांस वाटलें होतें, आणि तो जाहला नाहीं. दोन वर्षांचें काम मेजावर मरोन पडलें होतें आणि त्यांत त्यांचेंही काम होतें.

मग चौकशी. ग्रेगसाहेब दुःखी स्वरें म्हणाले, "हें आम्हांस कोणी आधीं सांगितलें कसें नाहीं?" बाई म्हणाल्या, "मी सांगितलं होतं, ज्येष्ठांत." साहेब म्हणाले, "होय, परंतु निरीक्षण म्हणोन." आणि किल्लेदार बाईंकडे वळोन म्हणाले, "बाई, तुम्ही जरा जोर लावायला हवा होता. आतां तर शिबिरही झालं होतं तुमचं." फैयाजमियां उठोन बाहेर गेले, नाहींतर बखरीस वेगळें वळण लागतें. चौकशीअंतीं हुजुरांनीं उदार होवोन हुकूम केला कीं ठाण्याची फार दिवसांची अर्जी मंजूर. निद्रामहालाची मालकी आजपासोन ठाण्याकडे, मालक शर्वरीबाई बोराटे, आणि महालांतील मागील, चालू व पुढील सर्व दोषांचे जाबसाल मालकानें करावे. टी-शर्ट आले. छातीवर 'मी मालक' ऐसें छापिलें होतें.

पुढें साहेबांनीं तोड काढिली कीं नवी चिप छापण्यास अवकाश फार, सबब हीच विकावी, मात्र हिला निजूंच देऊं नये. जी निजत नाहीं तिला उठविण्याचा प्रश्न नाहीं. बाईंनीं करोन पाहिलें. चिप जागी राही, परंतु फोन दुपारपर्यंत मरे आणि खिशांत ठेविला तर मांडी भाजे. आणि या तोडीस मालकाची मान्यता पाहिजे होती. किल्लेदार पुन्हां मेजाशीं उभे राहिले. "बाई, या खेपेस तरी नाहीं म्हणूं नका." बाई शांतपणें म्हणाल्या, "मी कशाला नाहीं म्हणूं, सर? मी रजेवर चालले. धाकट्या भावाचं लग्न आहे कऱ्हाडला. रजा तुम्हींच मंजूर केलीय." किल्लेदारांचा चेहरा उजळला. "मग मान्यता?" "येईल कीं तुमच्याकडे. कायदाच आहे." "छान, छान." "मान्यता मालकाचीच लागते, म्हणजे मालकीही येईल. लोकांच्या मांड्या भाजल्या, तर जाबसाल मालकानं करायचे आहेत. टी-शर्ट माझा बारीक आहे, तुम्हांला बसणार नाहीं. दुसरा मागवून घ्या." किल्लेदार खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "किती भाजते हो?" बाईंनीं फोन त्यांचे हातीं दिला. त्यांनीं तो झेलला आणि तत्क्षणीं टाकिला.

त्या मंगळवारीं बाई कऱ्हाडास हळदीच्या घरीं होत्या. हकीकत फैयाजमियांचे मुखें कळली. साहेबांनीं पुसिलें, रंग कोणता, आणि किल्लेदारांनीं तोंड उघडलें, आणि मिटलें, आणि पुन्हां उघडोन म्हणाले, "लाल." साहेबांस आपण चुकीचें ऐकिलें ऐसें वाटोन त्यांनीं पुन्हां पुसिलें. किल्लेदार म्हणाले, "लाल आहे, साहेब. हें विकतां येणार नाहीं. मी मान्यता देणार नाहीं." फैयाजमियां सांगतात, शब्द अगदीं स्पष्ट होते. हुजुरांत खळबळ जाहली, चार जादा दरबार भरले, आणि शेवटीं ती एक ओळ महालांत घातली गेली आणि चिप फिरोन टांकसाळीस गेली. फाल्गुनांत नवी आली. बाईंनीं गजर लाविला आणि तो वाजतेवेळींच बोट ठेविलें. फोन लखकन उजळला. बाईंनीं गजर बंद केला, आणि पुन्हां लाविला, आणि पुन्हां केलें, आणि शेजारचे मेजावरोन फैयाजमियां ओरडले, "अहो बाई, उठली ती! आतां झोपूं द्या कीं तिला!"

नवे सालीं मूल्यमापन जाहलें. किल्लेदारांस स्पष्टवक्तेपणाबद्दल बढती मिळोन ते दोन ठाण्यांचे सुभेदार जाहले. त्यांनीं बाईंस समोर बसवोन, पडद्याकडे पाहात, संकोचोन सांगितलें, "काम अपेक्षेप्रमाणें, असं आलंय. फक्त हुजूर म्हणतात, तुम्ही फार वेळां नाहीं म्हणतां." बाई म्हणाल्या, "मी एकदांच म्हटलं, सर. दुसऱ्या खेपेस तुम्ही म्हणालांत." सुभेदार म्हणाले, "हो. तें एकदांचंच लिहिलंय."

निद्रामहालाचा मजकूर एवढाच. चिप आतां उठविली कीं उठते, फोन देशोदेशीं विकले जातात, आणि सकाळीं गजर वाजतांच लोक बोट लावोन तो बंद करितात आणि कूस बदलोन पुन्हां निजतात. बाई सांप्रत त्याच मेजावर पुढील चिप तपाशीत आहेत. लेखन पुरें.