कारेगावला थेंब आला

या, अशा जवळ येऊन बसा. माझ्या घराशेजारी उभी असलेली ती बस बघून येता-जाता हसता, मोबाईल काढून फोटो घेता, ते मला गच्चीवरून सगळं दिसतं. शोभतं का हे तुम्हाला? हसायचंच असलं तर माणसानं नीट माहिती घेऊन हसावं. म्हणून सांगते.

त्या बसमध्ये हातात पळी घेऊन छताकडं बघत बसलेले असतात ते आमचे शेजारी, सगळ्यांचे याकोबमामा. छत कुठून गळतं ते शोधतात.

मामांनी जन्मभर शिरूर ते रांजणगाव कंपनीच्या कामगारांची बस चालवली. ते रिटायर झाले, पाठोपाठ बसही झाली. कंपनीनं ती भंगारात काढली आणि मामांनी ती घेतली. माझ्या भिंतीला लागून त्यांची थोडी मोकळी जागा आहे, तिथं आणून उभी केली. सीटा काढल्या, खाट टाकली, गॅस मांडला, भाड्याची खोली सोडली आणि बायकोला, म्हणजे मार्थावहिनींना म्हणाले, "चल, बस." वहिनी बसल्या.

बसला घर म्हटलेलं मामांना चालत नाही. "गाडी म्हना, अक्का. घराला कुठं ब्रेक असतो?"

छतावरसुद्धा त्यांनी स्टॉप पाडलेत. मागचं टोक शिरूर, ड्रायव्हरच्या डोक्यावर रांजणगाव, मध्ये सरदवाडी आणि कारेगाव. "सरदवाडीला ओल हाय, कारेगावला थेंब थेंब चालूय," असं ते बोलायला लागले की नवा माणूस आभाळाकडं बघतो.

वहिनींची खाट कारेगावाखाली. मागच्या पावसाळ्यात तिथं थेंब पडायला लागला. मामांनी आतून, बरोबर थेंबाच्या जागी, सिलिकॉन भरलं. थेंब वीतभर सरकला. मामांनी तिथंही भरलं. असं करत करत आतलं सगळं बुजवलं. पाणी मात्र बाहेरून यायचं ते येतच राहिलं, छताच्या आतल्या प्लायला पोट सुटलं, आणि एका दुपारी वहिनी आडव्या झालेल्या असताना ते पोट फुटलं.

वहिनी उठल्या, पदर पिळला, उशाचं बायबल भिजलं नाही ना ते बघितलं आणि पिशवी भरायला घेतली. मामा म्हणाले, "आगं, पन बाकीची गाडी कोरडी हाय की!"

हे वाक्य मामांनी बोलायला नको होतं, असं माझं मत आहे.

वहिनी दौंडला रेल्वे कॉलनीत बहिणीकडं गेल्या. जाताना सांगून गेल्या, "गाडी कोरडी झाली की कळवा. तवर मी यायची न्हाई."

तेव्हापासून रोज संध्याकाळी मामा फोन लावतात.

"जेवलीस का?"

"जेवले. गळतंय का?"

"गळतंय."

"बरं."

झालं बोलणं.

मग मामांनी गळतीचा पिच्छाच धरला. "पानी शॉर्टकट मारत न्हाई, अक्का," हे त्यांचं लाडकं वाक्य. शिरूरला आत शिरतं, आतल्या लोखंडी पट्टीवरून चालत येतं आणि कारेगावला उतरतं. म्हणून थेंबाच्या जागी बघायचंच नाही, बाहेरून शोधायचं. ते आत बसणार आणि मी माझ्या गच्चीवरून पाइपानं बसच्या टपावर पाणी सोडणार. बसचं तोंड उताराला आहे, म्हणून सुरुवात रांजणगावापासून. थोडं ओतायचं, थांबायचं, मग वर सरकायचं. "समदीकडं एकदम वतलं तर चोर कोन ते कळायचं कसं?"

इंजिनाशेजारी बसून मामांचे कान मंद झालेत, म्हणून खुणा ठरल्या. पळीचा एक ठोका म्हणजे थांबा, दोन ठोके म्हणजे पुढं चला. एकदा मी ठोक्यांची वाट न बघता सरकले, तर खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाले, "डबल बेल झाली का? मग गाडी हलवली कुनी?" या वयात मी शिव्या खाव्यात त्या ड्रायव्हरच्या!

शेवटी चोर सापडला. शिरूरला सामान ठेवायचं जुनं कॅरियर होतं, त्याचे बोल्ट गंजले होते. मामांनी कॅरियर उतरवलं, गंज खरवडला, भोकं बाहेरून बुजवली, वर रबर लावून नवे बोल्ट आवळले. मला वाटलं, सुटले.

कसली सुटते! दर रविवारी चर्चमधून आले की, "अक्का, जरा पानी धरता का?" आणि दर रविवारी, "कारेगावला थेंब आला!" मला कीव यायची. एवढं करूनही गळतं म्हणजे काय नशीब म्हणायचं.

गेल्या रविवारी मी पाइप घेऊन उभी राहिले, मोटर चालू करायला गेले, तर लाईट गेलेली. पाइपातून थेंब नाही. मामांना हाक मारणार, तेवढ्यात खालून एक ठोका.

"थांबा अक्का! आला! कारेगावला थेंब आला!"

मी पाइपात डोकावून बघितलं. मग खाली उतरले आणि बसमध्ये चढले. मामा खाटेच्या कडेला बसले होते. खाटेवर नवी चादर, उशीला नवा अभ्रा. मी हात वर करून छत चाचपलं. हाताला धूळ लागली.

"मामा, लाईट न्हाई. मी पानी सोडलंच न्हाई."

मामांनी पळी रुमालानं पुसली. पळीला काही लागलेलं नव्हतं.

"कवापासनं कोरडी हाय?"

"बोल्ट बसवल्यापासनं."

"मग वहिनींना का न्हाई कळवलं?"

मामांनी चादरीची सुरकुती सारखी केली. मग म्हणाले, "कळवलं, आन् तरी न्हाई आली तर, अक्का?"

मला बोलायला किती येतं ते तुम्ही बघताच आहात. त्या वेळी मी नुसता चहा टाकला.

घरी येऊन दौंडला फोन लावला. म्हटलं, "वहिनी, गाडी कोरडी हाय. मी माझ्या हातानं बघितलंय."

पलीकडं कुकरचा गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग वहिनी म्हणाल्या, "मग ह्यांनी का न्हाई सांगितलं?"

"ते तुम्ही आल्यावर त्यांनाच इचारा. ऱ्हायचं का न्हाई, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझ्याकडं जेवायला म्हनून तरी या. पन या, वहिनी, लवकर या."