हाविक्युलाची तीन तुकड्यांची किल्ली

"आता चोर आला तरी त्याला तीन घरं फोडावी लागतील!" आइव्होनं भर सभेत छाती फुगवून सांगितलं होतं.

एस्तोनियाच्या एका कोपऱ्यातल्या हाविक्युला पंचायतीचे कॉम्प्युटर सांभाळणारा हा गडी. पंचायतीची डिजिटल सही ज्या गुप्त किल्लीनं उमटते, ती एकाच कार्डात होती. ते चोरीला गेलं तर कुणीही सोम्यागोम्या पंचायतीच्या नावानं सही ठोकील! म्हणून त्यानं किल्लीचे तीन तुकडे केले आणि तीन कार्डांत घातले. तिन्ही एकत्र आली तरच सही. एक कार्ड सरपंचबाई माल्लेंकडे, एक निवृत्त कारकून हेल्वेमावशींकडे, तिसरं त्याच्याकडे. "माझं कुठं आहे ते माझ्या बायकोलाही ठाऊक नाही!"

खरंच नव्हतं. कार्ड बिस्किटांच्या डब्यात होतं आणि डबा जंगलात, वाकड्या भूर्जाच्या बुंध्याशी. तिथं आइव्हो दर ऑगस्टात पिवळी अळंबी खुडायचा. आजोबांनी मरताना फक्त त्याच्याच कानात सांगितलेली जागा! हाविक्युलात अळंबीची जागा सख्ख्या भावालासुद्धा सांगत नाहीत.

मग तो गुरुवार उजाडला. शाळा वाचवण्याचा अर्ज चारच्या आत सही करून मंत्रालयात पोचायला हवा होता, नाहीतर अकरा पोरांची शाळा बंद. त्यात आइव्होची लेक लिइसीही होती. आणि अडीचला कळलं, हेल्वेमावशी घरी नाहीत! त्यानं फोन लावला.

"मावशी, आहात कुठं?"

"जंगलात."

"कुठल्या जंगलात? गाडी घेऊन येतो!"

"झाडं आहेत तिथं."

"अहो, शाळा बंद पडेल! कार्ड कुठंय?"

"खिशात आहे माझ्या. पिन हवाय का? लिहून घे, चार, नऊ..."

"थांबा! फोनवर नको!" आइव्हो किंचाळला. "फक्त जागा सांगा!"

"पिन सांगतेय ना? मग जागा कशाला हवी मेल्या?" फोन बंद.

निदान आपलं कार्ड तरी आणावं म्हणून आइव्होनं गाडी जंगलाकडे पिटाळली. शेवाळ तुडवत धापा टाकत भूर्जापाशी पोचला, तर समोर हेल्वेमावशी! टोपली काठोकाठ भरलेली आणि हातात त्याचा बिस्किटांचा डबा.

"ही माझी जागा आहे!" दोघं एकदम ओरडली.

"माझ्या आजोबांनी दाखवली!"

"आणि आजोबांना कुणी दाखवली? माझ्या आईनं! कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती तिनं म्हाताऱ्याला!"

पण घड्याळात तीन पंचवीस झाले होते. उरलेलं भांडण गाडीत करायचं ठरलं आणि ते मनापासून केलंही.

तीन अठ्ठावन्नला पंचायतीच्या कॉम्प्युटरला तिन्ही कार्डं लागली, सही उमटली, अर्ज गेला. शाळा वाचली! आइव्होला रडूच फुटलं.

"सापडल्या कुठं मावशी?" सरपंचबाईंनी विचारलं.

"बसथांब्यावर!" दोघांनी एका सुरात सांगितलं.

सरपंचबाईंनी टोपलीतली एक अळंबी उचलली आणि उलटीसुलटी करून पाहिली.

"वाकड्या भूर्जाजवळची दिसतेय," त्या म्हणाल्या. "आइव्हो, तुझा तो डबा जरा बाजूला सरकवून ठेव बाबा. रविवारी अळंबी तोडताना फार मध्ये येतो!"