ज्याचं नाव, त्याच्याच खात्यात

श्रीवर्धनच्या पेठेत सुपारी-आमसुलांचं दुकान चालवणाऱ्या गनीचाचांनी मला वर्षानुवर्षं फसवलं. मला, म्हणजे एसटी स्टँडवर शहाळी विकून हरिहरेश्वरला स्वतःचं दुकान थाटलेल्या आणि आयुष्यात कुठलीही वस्तू पहिल्या भावाला न घेतलेल्या माणसाला.

चाचांचं खूळ दोन रेघांचं. चेकच्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारून मध्ये 'फक्त खात्यात' लिहिलं, की ज्याच्या नावाचा चेक त्याच्याच खात्यात पैसे जातात, हा बँकेचा कायदा त्यांना इतका आवडला की त्यांनी तो घरभर लावला. जावयाला पाठवायच्या आंब्यांच्या पेटीवर दोन रेघा. जेवणाच्या डब्यावर, छत्रीवर दोन रेघा. शेजारच्या मांजराने सुरमईचा तुकडा पळवला, तेव्हा मांजराला सोडून ते स्वतःवरच चिडले. रेघा मारायच्या राहिल्या होत्या. "ज्याचं नाव, त्याच्याच खात्यात," हे त्यांचं पालुपद.

मी दर आठवड्याला त्यांच्याकडे आमसुलं घ्यायचो. ते आभाळातला भाव सांगायचे, मी पाताळातला. मी उठून चालू लागायचो, ते पायरीवरून परत बोलवायचे. दोन चहा व्हायचे. शेवटी ते कपाळाला हात लावून "लुटलंस रे दिनू" म्हणायचे आणि मी छाती फुगवून स्कूटरवर पोतं टाकायचो.

एकदा असाच जिंकून मी बाकावर उरलेला चहा पीत होतो. एक पर्यटक बाई आल्या, त्यांनी पाव किलो आमसुलांचा भाव विचारला. मी तासभर घासून मिळवलेला भाव चाचांनी सांगितला. पहिल्याच वाक्यात. किरकोळीला!

मी पेटलो. ठोक गिऱ्हाइकाला चढा भाव सांगून झुंजवायचं, हा कुठला धंदा, असं पेठेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलं. चाचा तराजू पुसत राहिले.

"तुला पहिलाच खरा भाव बोललो, तर चाय थंड व्हायच्या आधी तू जाशील. मग मी बोलू कोणाशी?"

चाची जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा सलीम मस्कतला. हे मला ठाऊक होतं, तरी मी पोतं तिथेच टाकून निघून आलो आणि पुढच्या आठवड्यात गेलोच नाही. मग कळलं की दुकान बंद करून बापाला कायमचं न्यायला सलीम आलाय.

मी थेट त्यांच्या घरी गेलो. सलीम म्हणाला, अब्बा आता कायमचे तिकडेच. मी म्हणालो, ईदपुरते. तो वर्षातून दोन महिने इकडे सोडायला तयार झाला. मी उठून चालू लागलो. त्याने पायरीवरून परत बोलावलं, सवय खानदानी. चाचा कोपऱ्यात अडकित्ता हातात धरून बसले होते, सुपारी तशीच.

तिसऱ्या चहाला सलीमने शेवटचं विचारलं, "दुखलंखुपलं तर बघणार कोण?"

"जामीन मी."

सौदा ठरला. धंदा मंद असतो तो पावसाळा मस्कतला, बाकी वर्ष श्रीवर्धनला. असा सौदा मी जन्मात मारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. माझं पोतं बाकाखाली होतं. पोत्याच्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा, मध्ये माझं नाव. मी भाव विचारला. चाचांनी आभाळातला सांगितला.

गनीचाचा, इतकी वर्षं तुम्ही मला खोटं खोटं जिंकवलंत. याचा जवाब द्या. मी बाकावर बसलोय. आधी चहा मागवा.