टाकीखालची घडी

"तो शर्टही पिशवीत टाक, आई."

"तो नको. माशाची टाकी डुगडुगतेय. तिच्याखाली घालते."

टाकी आजवर कधी डुगडुगली नव्हती. पण सकाळपासून गेलेल्या बाबांचं कपाट रिकामं करून लेकीत वादाचं त्राण उरलं नव्हतं. टाकी धुवायची म्हणून पाणी उपसलेलंच होतं, तळाशी वीतभर राहिलं होतं. जावयाने टाकी जरा उचलली आणि आईने बाबांचा तपकिरी-पांढऱ्या चौकटींचा शर्ट एक घडी घालून खाली नीट पसरला.

"संध्याकाळी दानाचे कपडे न्यायला गाडी येईल, तेव्हा काढायचा हं," लेक म्हणाली.

टाकीत बाबांचा लेपा राहायचा. उष्ण समुद्राच्या तळाशी पडून असणारा, बशीसारखा चपटा मासा. दोन्ही डोळे एकाच अंगाला. दिवसभर वाळू पांघरून लोळायचा, म्हणून बाबा त्याला 'साहेब' म्हणत.

जावयाने मगाने सगळी वाळू बादलीत काढली, बाथरूममध्ये खळखळून धुतली. मग टाकीत पाहिलं तर साहेब गायब.

लेकीने बादलीतली वाळू पिठाच्या चाळणीने जमिनीवर चाळली. शंख निघाले, मासा नाही.

"गढूळ पाणी कुठे ओतलंत?"

"बाथरूममध्येच," जावई पडेल आवाजात म्हणाला.

प्लंबर आला. त्याने जाळी उचकटली, खालचा पाइप सोडवला, घरभर पाणी केलं आणि मग विचारलं, "मासा केवढा होता?"

"बशीएवढा."

"आणि हा पाइप?"

जावयाने फडकं आणलं आणि पाणी पुसायला घेतलं.

दुपार कलली. फरशीवर ओली वाळू पसरली होती, टाकीतल्या पाण्याचा उजेड छतावर हलत होता. घर कुठल्यातरी समुद्राच्या तळाशी जाऊन बसल्यासारखं वाटत होतं. आई मात्र टाकीसमोरून उठली नव्हती.

"अगं," ती हळूच म्हणाली, "शर्टाला डोळे आलेत."

लेक वाकली. काचेच्या तळावर, खिशाच्या थोडं वर, एक डोळा फिरला, मग दुसरा. काचेखालच्या शर्टासारख्याच फिकट तपकिरी चौकटी अंगावर उमटवून साहेब निवांत पडले होते.

"त्यांचाच शर्ट घालून बसलाय मेला," आई म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. जावयाने पिशव्या उचलल्या. "एवढंच ना?"

"एवढंच." लेकीने बाहेर आलेली कॉलर बोटाने टाकीखाली सारली.

"डुगडुगतेय का गं अजून?" आईने विचारलं.

"खूप," लेक म्हणाली.