पार्किंगमधली शाळा

परदेशात जाऊन शाळा बांधायची, असं धाकटीने जाहीर केलं तेव्हा आई भांडी पुसत होती.

"तू बांधणार? परवा भिंतीत खिळा ठोकलास, तो शेजारच्यांच्या कॅलेंडरमधून बाहेर आला."

"महिनाअखेरपर्यंत पैसे भरले नाहीत तर ती संस्था माझी जागा दुसऱ्याला देईल गं!"

धाकटी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि आजवर तिचा सर्वांत लांबचा प्रवास आत्याच्या घरापर्यंतचा होता. त्यामुळे तिने जिवाचा आटापिटा करून युक्ती काढली. देणगी द्या, तुमचं नाव लिहिलेली वीट त्या शाळेच्या भिंतीत बसेल. जे रहिवासी लिफ्टच्या दुरुस्तीची वर्गणी विचारली की झोपलेले असत, ते रांग लावून उभे राहिले.

"पण कुणाची वीट कुठे?" सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं. "नकाशा लाव."

तिने नकाशा काढून जिन्यात लावला आणि घात झाला.

"माझी वीट सगळ्यात खाली?" तळमजल्यावरचे काका कडाडले. "तिकडेही मी तळमजल्यालाच?"

"आणि माझ्या डोक्यावर ती तिसऱ्या मजल्यावरची?" दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. "अकरा वर्षं तिच्या कपड्यांचं पाणी माझ्या बाल्कनीत गळतंय. आता परदेशातही गळू दे?"

सेक्रेटरींनी सभा बोलावली. पार्किंगमध्ये खऱ्या विटा रचून बघाव्यात, असा ठराव एकमताने झाला. विटा रचल्या. हरकत नोंदवताना काका त्यांना टेकले आणि अख्खी रांग आडवी झाली. म्हणून गवंडी बोलावला.

"थोडं सिमेंट लावतो," तो म्हणाला. "मग हलणार नाही."

खरंच हलली नाही. पण प्रत्येकाला आपलं नाव डोळ्यांच्या उंचीवर हवं होतं आणि एका भिंतीला तेवढी उंची एकदाच असते. मग दुसरी भिंत आली, तिसरी आली. चौथी पूर्ण झाली तेव्हा सेक्रेटरी आपली स्कूटर शोधत होते. स्कूटर आत होती. भिंत फोडून दार काढावं लागलं. ज्यांना वीट मिळाली नव्हती, त्यांनी रुसून छपराचे पत्रे दिले.

छप्पर चढलं तेव्हा महिना संपायला दोन दिवस होते आणि निधी संपून तीन दिवस झाले होते.

धाकटीने संस्थेला कळवलं, 'सगळा निधी सोबतच्या बांधकामात गेला. कृपया मुदत वाढवावी.' पुरावा म्हणून फोटो जोडला.

उत्तर लगेच आलं. 'आपली चिमुकली शाळा पाहून समिती हेलावली. आमची एक विद्यार्थिनी मदतीला येत आहे. तिने त्यासाठी वर्षभर निधी जमवला आहे.'

"ही शाळा नाही, असं कळवून टाकू?" धाकटीने विचारलं.

"खुळी आहेस का? पोरीने वर्षभर घाम गाळलाय!" सेक्रेटरी म्हणाले. "आपण फक्त गरजू दिसायचं. काकू, बांगड्या काढा. काका, ती मोठी गाडी झाका."

"झाकली की अजून मोठी दिसते," काका म्हणाले.

पाहुणी आली. डोक्यावर हेल्मेट, हातात मोजे. तिने दाराशेजारी एक वीट लावली, फोटो काढला, रडली आणि तळमजल्यावरच्या काकांना मिठी मारली.

वीट चांगलीच तिरकी होती. पाहुणी पाणी प्यायला वळल्यावर गवंड्याने ती हळूच काढली आणि दोरी धरून सरळ बसवली. पाहुणीने वळून पाहिलं. मग वहीत काहीतरी लिहिलं.

तीन आठवड्यांनी धाकटीच्या पत्त्यावर संस्थेचं पत्र आलं. तिची जागा अजून रिकामी होती. येण्याजाण्याचा आणि राहण्याचा सगळा खर्च संस्था करणार होती. धाकटी आनंदाने किंचाळली. मग तिने वर लिहिलेलं नाव वाचलं.

संध्याकाळी गवंडी ते पत्र घेऊन तिच्या दारात उभा होता.

"ताई, पासपोर्टला काय काय लागतं?"

"सांगते," धाकटी म्हणाली. "अजून काय लिहिलंय त्यात?"

"पहिले आठ दिवस वीट कशी लावायची ते शिकवणार आहेत म्हणे." गवंड्याने डोकं खाजवलं. "बघतो प्रयत्न करून."