नारळांवर चालणारं रॉकेट

नारळी पौर्णिमेच्या संध्याकाळी दौलतने ठरवलं की होडी आपणच वल्हवायची, आणि तिथेच सगळं बिनसलं.

तसा दौलत कोळ्याचाच. पण त्याचे वडील गिरणीत चिकटले, तेव्हापासून घराण्याचा पाण्याशी संबंध करी रोडच्या चाळीतल्या नळापुरता उरला होता. संपाला दुसरं वर्ष लागलं तरी सासुरवाडीत कुणी विचारलं की दौलत म्हणायचा, "गिरणीत असतो." (असतो म्हणजे गेटाबाहेर.)

लग्नानंतरचा पहिलाच सण, म्हणून शिवडीच्या कोळीवाड्यातून जावयाला बोलावणं आलं होतं. सखुबाईने लेकीच्या हाती नारळांची टोपली दिली.

"आपले नि शेजारणींचे हायत गो मालन. हातानं, हलूच सोड. दर्याला द्यायचं, भिरकावायचं नाय."

"दाजी, वल्हवायला मी येऊ?" मालनचा भाऊ शिवा म्हणाला. "का तुमच्या मिलमध्ये वल्ही पण मारतात?"

धक्क्यावरच्या बायका खळखळून हसल्या. आता मागे फिरणं म्हणजे जन्मभराची मस्करी.

"बस तू," दौलत म्हणाला. "मी समर्थ आहे."

समर्थपणा खाडीच्या मध्यापर्यंत पुरला. तिथे वल्हं हातातून जे सुटलं, ते शांतपणे आपल्या वाटेने निघून गेलं. दौलत त्याच्याकडे लांब जाणाऱ्या नातेवाइकाकडे बघावं तसा बघत राहिला. तेवढ्यात मालनने पायाशी असलेला नांगर, म्हणजे दोरीला बांधलेला दगड, आवाज न करता पाण्यात सोडून दिला. होडी जागेवर थांबली. कोळ्याच्या पोरीला हे शिकवावं लागत नाही.

ती सांगणारच होती. पण दौलत वळला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला होता.

"घाबरू नकोस. रॉकेटला वल्हं असतं का?"

"नसावं बहुतेक."

"वर हवा नाही, पाणी नाही. ढकलायचं कशाला? तर स्वतःतलंच काहीतरी मागे फेकायचं! जेवढ्या जोरात मागे फेकशील, तेवढा धक्का तुला पुढे. संवेग म्हणतात त्याला. एकूण संवेग तेवढाच राहतो, मालन. एकाला मागे दिला की दुसऱ्याला पुढे मिळतो."

लालबागच्या एका मंडळाने संपवाल्यांसाठी फुकट व्याख्यानं ठेवली होती. आपलं रॉकेट उपग्रह घेऊन वर गेल्याची बातमी ताजी होती, त्यामुळे विषय तोच. मालनला संवेग लहानपणापासून ठाऊक होता. होडीतून धक्क्यावर उडी मारली की होडी मागे सरकायची, ती स्वतः मधल्या चिखलात पडायची आणि उरलेला संवेग आई तिच्या पाठीत घालायची.

"नारळ दे," दौलत म्हणाला.

"आई म्हणाली, भिरकावायचे नाहीत."

"हे भिरकावणं नाही. हे इंधन आहे."

त्याने समुद्राकडे तोंड करून पहिला नारळ फेकला. होडी किनाऱ्याकडे इंचभर सरकली.

"बघितलंस? गेली!"

"गेली," मालन म्हणाली. (दोरी ताणून परत आली, हे तिने सांगितलं नाही.)

सांगणार तरी कसं? करी रोडच्या एका खोलीत सासू, सासरे, दीर, नणंद. तिथे नवरा-बायकोचं बोलणं म्हणजे 'मीठ द्या' आणि 'घ्या'. लग्नाला काही महिने झाले होते, पण दौलत सलग इतकं बोलू शकतो हे तिला आजच कळत होतं. समोर पाण्यातून चंद्र वर येत होता, आंघोळ करून आल्यासारखा तांबूस. दौलत सांगत होता, वर गेलेला उपग्रहसुद्धा असाच थोडं थोडं काही फेकून आपली दिशा सावरतो, कुणी हात देणारं नसतं तरी. मालनने दुसरा नारळ पुढे केला. मग तिसरा. होडी झोपाळ्यासारखी जाऊन येऊन करत राहिली.

टोपलीत शेवटचा नारळ उरला, सोनेरी कागद लावलेला, त्या दोघांचा. आणि धक्क्यावर गलका उठला.

"अगो मालन! नारळ सगले परत आले गो! दर्यानं घेतले नाय!"

भरती लागली होती. रॉकेट अंतराळात उभं होतं आणि इंधन घरी पोहोचलं होतं.

"थांब आये, बघून येतो!" शिवाने दुसरी होडी लोटली.

शिवाला नांगर दिसला की संपलंच. पुढची वीस वर्षं प्रत्येक हळदीत हाच किस्सा.

"अहो, हा मात्र हळूच सोडा. तिकडे तोंड करून, डोळे मिटून. काही मागायचं असेल तर मागा."

दौलत वाकला. त्याच्या पाठीमागे मालनने दगड ओढून वर घेतला, चिखलासकट पदराखाली दडपला. भरतीने होडी उचलली आणि ती सुळकन किनाऱ्याकडे निघाली.

"मालन!" दौलत ओरडला. "हळू सोडला तर जास्त वेग!"

धक्क्यावर त्याने हे सगळ्यांना समजावून सांगितलं. शिवा तोंड वासून ऐकत राहिला. सखुबाईला दर्याने निदान सोन्याचा नारळ तरी घेतला यातच समाधान होतं. मालन ओला पदर आवळून उभी होती, नवऱ्याची अब्रू पोटाशी धरल्यासारखी.

परळच्या रस्त्याने दोघं चालत घरी निघाली तेव्हा चंद्र बराच वर आला होता.

"दगड फार जड होता का गं?" दौलतने विचारलं.

मालन थबकली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"दोरी दिसत होती की. म्हटलं, नारळ आहेत तोवर तरी बसू."

ती लाजली, मग रागावली, मग पदराचा चिखल बघून हसायला लागली.

"म्हणजे वल्हंसुद्धा तुम्ही मुद्दामच सोडलंत?"

दौलतने वाटेतला एक खडा पायाने पुढे उडवला.

"नाही," तो म्हणाला. "ते मात्र खरंच सुटलं."