हशा सर्वानुमते

माझी भाची दिवसभर दंतवैद्याच्या दवाखान्यात नंबर पुकारते आणि संध्याकाळी लोकांना हसवायचं म्हणते. आमच्या भागातल्या सभागृहात महिन्यातून एका शनिवारी स्टँड-अप कॉमेडी असते. नवख्याला आठ मिनिटं देतात. हॉल हसला तर तो शनिवार कायमचा तुमचा. नाही हसला तर पुन्हा नाव नोंदवायचं नाही.

"मामा, हे हुकलं तर मी रिटायर होईपर्यंत 'अठरा नंबर, आत या' एवढंच बोलणार," ती म्हणाली.

आता नियम सांगतो. मागे एकानं आपल्या मेव्हण्याच्या टकलावर विनोद केला आणि मेव्हणा पुढून दुसऱ्या रांगेत बसलेला निघाला. तेव्हापासून व्यवस्थापकांनी ठरवलं की ज्याच्यावर विनोद, त्याचं ना-हरकत पत्र जोडायचं. तीन प्रतींत.

भाची फाइल घेऊन निघाली. सोबत मी.

तिच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, माझी कसली हरकत? खुशाल कर हो. फक्त त्यातली सासू जरा तुझ्या आईसारखी दाखव." आईनं, म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीनं, 'घोरते' खोडून 'दीर्घ श्वसन करते' असं केलं. दंतवैद्यांनी 'रुग्ण किंचाळतो' च्या जागी 'रुग्ण समाधान व्यक्त करतो' सुचवलं. नवऱ्यानं न वाचता सही केली, मग वाचलं, मग सही परत मागितली. शेजाऱ्यांचा राखणीचा कुत्रा मांजराला घाबरतो, असा एक विनोद होता. शेजारी म्हणाले, "मांजर अंगानं मोठं होतं असं घाला, म्हणजे आमची हरकत नाही. त्याची त्याला विचारा." त्याला विचारलं. पंजाचा ठसा दोन साक्षीदारांसमक्ष घेतला. त्यातला एक साक्षीदार मी. पोटरीवर अजून वण आहे.

सगळ्या दुरुस्त्या उतरवल्यावर आठ मिनिटांतलं 'नमस्कार मंडळी' आणि 'धन्यवाद' एवढंच उरलं. व्यवस्थापकांनी 'मंडळी'वरही काट मारली. सगळ्या मंडळींच्या सह्या नव्हत्या.

शनिवारी हॉल भरला. ना-हरकतवाले झाडून सगळे आले होते, आपापली प्रत हातात धरून. भाची माइकपुढे उभी राहिली. "नमस्कार," म्हणाली. मग तिनं फाइल उघडली आणि नंबर पुकारतात त्या आवाजात पत्रंच वाचायला घेतली.

"अट क्रमांक एक. सासू ही आईसारखी दिसावी."

हॉल फुटला! माझी बहीण खुर्चीवरून घसरली. सासूबाई तेवढ्या छताचे पंखे मोजत होत्या. दीर्घ श्वसनाला सासूबाईंनी डोळे पुसले आणि बहीण पर्स धुंडाळू लागली. किंचाळण्याला सगळे हसले, दंतवैद्य सोडून. मीही पोट धरून हसत होतो.

"अट क्रमांक नऊ. मामा थापा मारतात हे वाक्य वगळावे. मामांना विपुल अनुभव आहे असे घालावे."

त्या वेळी नेमका माझ्या बुटात खडा गेला.

कार्यक्रम संपल्यावर व्यवस्थापकांनी वही उघडली. "हजर एकशे बारा. प्रत्येक विनोदाला हसले एकशे अकरा. 'हॉल हसला' म्हणजे अख्खा हॉल. हशा बहुमतानं झालाय, सर्वानुमते नाही. नापास."

"अहो साहेब, पण दर वेळी गप्प बसणारा माणूस वेगळा होता!"

"तीच तर पंचाईत आहे, बाई. एकच असता तर त्याला बाहेर बसवला असता."

पण माणूस वाईट नव्हता. हळूच म्हणाला, "पुढच्या महिन्यातल्या शनिवारी जुन्याच नोंदीवर आणखी एकदा या. गैरहजर माणसाची हरकत विचारात घ्यायची तरतूद नियमात नाही. जो हॉलमध्ये नाही आणि हॉलमधल्या कोणाच्या नात्यातला नाही, असा एखादा गाठा."

भाचीनं गाठला. त्या शनिवारी आठही मिनिटं त्याच्यावर. सासूबाई आणि बहीण एकमेकींच्या गळ्यात पडून हसल्या, दंतवैद्यांचं तोंड मिटेना, माझे दोन्ही बूट बिनखड्याचे. वहीत नोंद झाली: एकशे बारापैकी एकशे बारा. शनिवार आता भाचीचा आहे.

तुम्ही त्या संध्याकाळी तिथं नव्हता, म्हणून मीच कळवतो. तो माणूस तुम्ही. तुम्हाला आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नाही, तरी सगळ्यांनी लगेच ओळखलं. आत्ताही वाचताना तुम्ही कोणा तरी ओळखीच्याला डोळ्यांसमोर आणून हसत होता ना? 'हा अगदी अस्साच आहे' म्हणत?

तुमच्यावरची तिची पहिलीच ओळ ती आहे.